बरोबर, चला

माझ्या थोरल्या भावाला उजेडात काही म्हणजे काही जमत नसे. सख्खी बहीण म्हणून सांगतेय, म्हणजे हातचं राखूनच सांगतेय. बाजारात पाठवला तर रस्ता ओलांडायला दहा मिनिटं लावायचा. लांबवर एक गाडी दिसली तरी ती येऊन निघून जाईपर्यंत हा कडेला उभा. कुणाच्या लग्नाला नेला तर खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेत बसायचा आणि जेवण झालं की पहिला पसार. वहिनी म्हणायच्या, "यांना घरात पाहिलं की वाटतं, कोणीतरी पाहुणा आलाय आणि जायचं नाव घेत नाहीये."

पण त्याला गुहेच्या तोंडाशी उभं करा. तिथे त्याची पाठ सरळ व्हायची, आवाज भरदार व्हायचा, आणि जन्मात ज्यांच्याशी दोन शब्द बोलला नसता अशा शिकल्या-सवरल्या लोकांना तो सरळ सांगायचा, "घड्याळं, अंगठ्या, चेष्टामस्करी सगळं इथे ठेवायचं. आत मी म्हणेन ते." आणि लोक मुकाट्याने ऐकायचे. म्हणून मी त्याचं नाव बिळोबा ठेवलं. पुढे ते सगळ्यांच्या तोंडी बसलं. त्याला राग आला नाही, उलट थोडा खूशच झाला असावा.

आमची गुहा चित्रात दाखवतात तसली नाही. आत दिवे नाहीत, पायऱ्या नाहीत, धरायला कठडा नाही. पर्यटन खात्याने बाहेर एक पाटी लावून हात झटकले आहेत: आत जाणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर जावे. एका वेळी बारा माणसं, पुढे गाईड, आणि दोन-अडीच तासांनी चिखलाने माखून परत. तोंडातून आत गेलं की आधी एक ओला, उतरता कातळ लागतो. ती जीभ. जिभेच्या खाली सरपटत जायची अरुंद वाट, तो घसा. घसा ओलांडून वाट बरीच वळत जाते आणि मग मोठी पोकळी, ते पोट. ही नावं दादाची. देवाने त्याला जन्मभराचा म्हणून जेवढा विनोद दिला होता, तेवढा त्याने या तीन नावांत खर्च करून टाकला.

माझं काम तोंडाबाहेरच्या शेडमध्ये. हेल्मेट द्यायची, डोक्यावरचे दिवे तपासायचे, लोक परत आले की चिखलाने जड झालेल्या डांगऱ्या हौदावर धुवायच्या. हेल्मेटवर लाल रंगात एक ते बारा आकडे मीच रंगवलेत. नवऱ्याचं घर सोडून मी परत आले, तेव्हा चार लोक काय म्हणतील ते म्हणायच्या आत दादाने खात्यात शब्द टाकून मला तिथे चिकटवलं होतं. जो माणूस दुकानदाराला सुटे पैसे मागायला लाजायचा, तो माझ्यासाठी तीन दिवस कचेरीच्या बाकावर बसून राहिला. तेवीस वर्षं झाली. हे उपकार नव्हेत, असं तो म्हणायचा. पण होते, आणि दोघांनाही ते माहीत होतं.

तेवीस वर्षांत मी एकदाही आत गेले नव्हते. मला लिफ्टमध्येसुद्धा गुदमरतं.

आत माणसं सांभाळायची दादाची एक रीत होती. हेल्मेटवर जो आकडा, तोच त्या माणसाचा. प्रत्येक थांब्यावर दादा पाठ फिरवून, मान खाली घालून उभा राहायचा आणि म्हणायचा, "आकडे!" मग एकेकाने आपापला आकडा म्हणायचा. एक, दोन, तीन, असं बारापर्यंत. सगळ्यात शेवटी चालणारा बारावा. त्याला दादा शेपूट म्हणायचा, आणि शेपूट म्हणून गटातला सगळ्यात दणकट माणूस निवडायचा. बारावा आकडा झाला की दादा म्हणणार, "बरोबर, चला." त्याशिवाय कोणी पाऊल उचलायचं नाही.

मी एकदा विचारलं होतं, "पाठ का फिरवतोस? तोंडं बघून मोजलं तर सोपं नाही का?"

"आकडा मोजायचा नसतो गं," तो म्हणाला. "तो कसा येतो, कुठून येतो ते ऐकायचं असतं."

आणि तो ऐकायचा. कोण घाबरलंय, कोण खाली बसलंय, कोण दोन पावलं मागे राहिलंय, हे त्याला नुसत्या आवाजावरून कळायचं. एकदा एका धडधाकट माणसाला त्याने "पाच" एवढ्या एका शब्दावरून थांबवलं आणि सगळा गट घेऊन मागे फिरला. तो माणूस चिडला, बाहेर येऊन माझ्यासमोर तक्रार लिहायला बसला, आणि लिहिता लिहिताच छाती धरून आडवा झाला. दवाखान्यात पोचला म्हणून वाचला. ती अर्धवट तक्रार माझ्याकडे अजून आहे.

अशा माणसाचे कान गेले.

एकदम नाही गेले. आधी घरी कुकरच्या शिट्ट्या त्याला कमी ऐकू यायला लागल्या आणि त्याने कुकरला नावं ठेवली. मग टीव्ही मोठा झाला. मग तो स्वतःच मोठ्याने बोलायला लागला. वहिनींना वाटलं, वयाबरोबर स्वभाव बदलला. मलाही तसंच वाटलं असतं. पण एका सकाळी शेडमध्ये माझ्या हातून सहा हेल्मेटं एकदम फरशीवर पडली. असा आवाज झाला की बाहेर रांगेतली माणसं दचकून मागे सरली. दादा माझ्याकडे पाठ करून बुटाची नाडी बांधत होता. त्याने गाठ मारली, मग दुसरी गाठ मारली, आणि दुसरा बूट ओढला.

मी हेल्मेटं गोळा केली आणि गप्प बसले. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे सगळ्यांनी मला खरं बोलणारी बाई करून टाकलं. मी आठ महिने गप्प होते.

नाही म्हणायला मी त्याला डॉक्टरकडे पिटाळलं. तो गेलाही. कानाचं यंत्र घेऊन आला आणि ते मोज्यांच्या खणात टाकून दिलं. का, तर आत पाण्याचा थेंब पडला तरी डोक्यात पत्रे वाजतात आणि माणसांचं बोलणं त्यात बुडून जातं. "त्यापेक्षा माझं मला बरं," म्हणाला. मी म्हटलं, मग खात्याला सांग. तर माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी त्याला आज्ञा केली होती की उद्यापासून बाजारातच राहा. नोकरी संपायला त्याची दोन वर्षं राहिली होती.

"आत मला ऐकू येतं," तो म्हणाला. "आतलं वेगळं असतं."

मी विश्वास ठेवला. ठेवायचाच होता, म्हणून ठेवला.

मग एक दिवस शाळामास्तरांचा एक गट आत जाऊन आला. त्यातल्या एक बाई डांगरी उतरवता उतरवता हसत मला म्हणाल्या, "तुमच्या गाईडची एक गंमत सांगू? आमच्यातल्या एकाने मुद्दाम आपला आकडा म्हटलाच नाही. बघू काय करतात म्हणून. तरी ते म्हणाले, बरोबर, चला!"

मीसुद्धा हसले. त्या गेल्यावर हौदाच्या कडेवर बसले.

संध्याकाळी दादाला शेडच्या मागे गाठलं. तोंड त्याच्याकडे करून, एकेक शब्द सावकाश बोलत विचारलं, "तुला आकडे ऐकू येत नाहीत ना?"

त्याने आढेवेढे घेतले नाहीत. "पहिले दोन-तीन येतात," म्हणाला. "पुढचे येत नाहीत."

"मग बरोबर म्हणतोस ते कशाच्या जिवावर?"

"बारा माणसांना किती वेळ लागतो ते मला पाठ आहे. मी मनात चालवतो. एक, दोन, तीन. मध्ये कोणी अडखळतं, त्याचा वेळ धरतो. बारा झाले की म्हणतो." आणि कहर म्हणजे हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर थोडा अभिमान होता. "आजवर चुकलेलं नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तू माणसं मोजत नाहीस, वेळ मोजतोस, असं मी किंचाळून सांगितलं. रस्त्यावरचे दोघे वळून बघायला लागले. दादाला किंचाळणं ऐकू आलं नसेल, पण माझं तोंड वाचता आलं. तो खाली बसला. पंधरवड्याने खात्याचे साहेब तपासणीला येणार होते, स्वतः आत जाऊन कुणाचा परवाना ठेवायचा ते ठरवणार होते. "एवढी तपासणी होऊ दे," दादा म्हणाला. "मग मीच सांगेन. बिळोबाला तपासणीत काढून टाकला, असं नको व्हायला. हसतील गं लोक."

हसतील. साठीला टेकलेल्या माणसाला लोक हसतील याचं भय. मला राग यायला हवा होता, पण मला कचेरीचं बाक आठवलं. मी म्हटलं, "ठीक आहे. तोवर आत कोणाला नेऊ नकोस, पाठ दुखते म्हणून सांग. आणि त्या दिवशी शेपूट मी."

"तू?" तो चक्क हसला. "तू लिफ्टमध्ये रडतेस."

"रडेन. पण घसा ओलांडला की तुझ्याजवळ येऊन दंडाला हात लावीन. हात लागला की मगच बरोबर म्हणायचं. त्याच्या आधी नाही. पुढे प्रत्येक थांब्यावर तेच."

आमचं ठरलं ते असं. आता वाटतं, दोन शहाणी माणसं असती तर साहेबांच्या कचेरीत गेली असती. आम्ही हाताच्या खुणा ठरवत बसलो.

साहेब आले ते दहा जणांचा लवाजमा घेऊन. खात्यातली माणसं, कोणाची बायको, कोणाचा मेहुणा. मी सगळ्यांना हेल्मेटं वाटली आणि बारा नंबरचं स्वतःच्या डोक्यावर चढवलं. दादा त्या दिवशी काय दिसत होता म्हणून सांगू! दाढी गुळगुळीत, डांगरी मी आदल्या दिवशी धुतलेली, आवाज खणखणीत. साहेब सुरुवातीलाच खूश झाले.

तोंडातून आत शिरल्यावर मागून थोडा उजेड येत होता. जीभ सुरू झाली आणि तोही संपला. माझी पाचावर धारण बसली होती. कातळ बर्फासारखा गार, वरून पाण्याची धार, आणि बसून बसून घसरत उतरायचं. माझ्या पुढे अकरा नंबर, साहेबांचा कारकून, भराभर उतरला आणि घशात शिरून दिसेनासा झाला. मला घाई झाली. घाईत पाय निसटला. मी पाठीवर आपटले, तशीच खाली आले, आणि उजवा पाय एका कपारीत मुरगळून अडकला. डोक्यावरचा दिवा कुठे तरी आदळला आणि विझला.

छातीतला श्वास सगळा निघून गेला होता. तोंड उघडत होतं, पण आवाज फुटत नव्हता. अंधार म्हणजे काय हे मला तोवर माहीत नव्हतं. डोळे उघडे आहेत की मिटले, हे बोट लावून बघावं लागलं.

आणि मला घशाच्या पलीकडून दादाचा आवाज आला. "आकडे!"

एक. दोन. तीन. आवाज लांबून येत होते, पण स्वच्छ. साहेबांचा चार. कोणाच्या तरी बायकोचा सात, हसत म्हटलेला. दहा. कारकुनाचा अकरा.

मी म्हटलं, "बारा."

म्हणजे ओठ हलले, थोडी हवा निघाली. पुन्हा म्हटलं, "बारा." या वेळी आवाज निघाला. बारीक, पण निघाला. मला वाटलं, आता तो ओळखेल. हा आवाज जवळून येत नाही, जमिनीजवळून येतोय, दम लागलेल्या माणसाचा आहे. हे तर त्याचंच काम. शिवाय दंडाला हात लागलेला नाही. मी तिसऱ्यांदा म्हटलं, "बारा, दादा."

"बरोबर," दादा म्हणाला. "चला."

कान गेलेल्या माणसाचा तो मोठा आवाज. तो घशातून माझ्यापर्यंत आला आणि माझ्या अंगावरून पुढे गेला. मग बुटांचे आवाज. मग तेही नाहीत.

मी तिथे वीस मिनिटं होते असं नंतर सांगितलं गेलं. त्या वेळात मी काय केलं ते सगळं सांगणार नाही. रडले, ओरडले, आई गेली त्याला सोळा वर्षं झाली, तरी तिला हाका मारल्या. पण एक गोष्ट सांगते. मला सारखं त्या अकरा जणांचं नवल वाटत होतं. त्यांचे कान चांगले होते. त्यांनी माझा आवाज ऐकला होता, तो लांबून आला हे त्यांनाही कळलं असणार. पुढे कारकून तसं म्हणालाही: "मला वाटलं विचारावं, पण गाईड बरोबर म्हणाले." अकरा माणसं एका बहिऱ्या माणसाच्या कानांवर विसंबून निघून गेली, आणि ते कान बहिरे आहेत हे ठाऊक असलेली एकटी बाई मागे अंधारात पडलेली होती. हे मीच केलं होतं. आठ महिने गप्प बसून केलं होतं.

पोटात पोचल्यावर कारकुनाने मागे वळून बघितलं आणि बोंब ठोकली, म्हणून कळलं. दादा एकटा परत आला. घशातून तो कसा आला असेल, त्याच्या हातांची कोपरापर्यंत सालं निघाली होती. त्याने दिवा माझ्या तोंडावर धरला. मी त्याला घालून पाडून बोलायचं ठरवलं होतं. तोंडातून आलं ते एवढंच, "बारा."

त्याने ते माझ्या ओठांवर वाचलं. मग माझ्या डोक्यावरचं हेल्मेट सारखं केलं, उगीचच, आणि कपारीतून पाय सोडवायला लागला. "हाताची वाट बघायची होती," तो मोठ्याने म्हणत होता. "बारा झाले असं वाटलं. तोंडातून निघून गेलं."

बाहेर मला शेडमधल्या बाकावर बसवलं. पाय सुजून डांगरीत मावत नव्हता. साहेब वाईट माणूस नव्हते, हे सांगितलं पाहिजे. समोर खुर्ची ओढून बसले, पाणी दिलं, आणि हातातल्या कागदाकडे बघत म्हणाले, "बाई, तुम्ही पहिल्यांदाच आत गेलात. पडलात, घाबरलात. आमच्या लोकांना कसला तरी आवाज आल्यासारखा वाटतोय, पण कोणी खात्रीने सांगत नाही. घाबरल्यावर माणसाचा आवाज फुटत नाही. तुम्ही आकडा दिलाच नाही, दुसराच कसला आवाज गाईडला बारा वाटला, असं लिहू का? त्यात कोणाचं वाईट होणार नाही."

मला नुसती मान हलवायची होती. दादा दारात उभा होता, साहेबांच्या मागे. साहेब काय बोलले ते त्याला कळलं नसणार. तो फक्त माझ्या तोंडाकडे बघत होता. मला ते बाक दिसत होतं, तीन दिवसांचं. आणि पुढच्या आठवड्यातले बारा जण दिसत होते, हौसेने आलेले. त्यांतल्या कोणाला तरी मीच बारा नंबरचं हेल्मेट देणार होते.

"दिला होता, साहेब," मी म्हटलं. "तीनदा. त्याला ऐकू येत नाही. वर्ष होत आलं."

दादाने शेवटपर्यंत वाचलं. मग डोक्यावरचं हेल्मेट काढून फळीवर त्याच्या जागी ठेवलं, आणि घरी गेला. नेहमीप्रमाणे रस्त्याच्या कडेला एक गाडी जायची वाट बघत उभा राहिलेला मी खिडकीतून पाहिला.

खात्याने त्याला काढलं नाही. परवाना घेतला आणि माझ्या जोडीला शेडमध्ये हेल्मेटं वाटायचं काम देऊ केलं. तो एक दिवसही आला नाही. कान ठार गेले आहेत असं सगळ्यांना कळल्यावर तो सगळ्यांसमोर बहिरा झाला; आधी जे थोडं ऐकू यायचं तेही ऐकणं त्याने सोडून दिलं. वहिनी पाटीवर लिहून विचारतात, जेवायचं का. तो मान हलवतो. माझ्याशी तो भांडला असता तर बरं झालं असतं. तो भांडला नाही. आठवड्यातून एकदा मी जाते, तो मला चांगली खुर्ची देतो, स्वतः स्टुलावर बसतो, आणि आम्ही बसून राहतो. माझा पाय अजून उतारावर दुखतो. ते मी त्याला सांगत नाही.

मागच्या खेपेला वहिनी बाहेर गेल्या होत्या. दादा एकदम म्हणाला, "एक विचारायचं होतं."

मला वाटलं, आता ते येणार. साहेबांना का सांगितलंस. मी तयार होते, कारण वर्षभर मी उत्तर घोटून ठेवलं होतं.

"तू आत पडलेली होतीस," तो म्हणाला, "तेव्हा मी बरोबर म्हणालो, ते तुला ऐकू आलं होतं?"

याचं उत्तर मी तयार केलं नव्हतं. त्याचे डोळे माझ्या ओठांवर होते. मी त्याला नीट वाचता यावं म्हणून तोंड त्याच्याकडे वळवलं आणि सावकाश म्हटलं, "नाही रे दादा. काहीच ऐकू आलं नाही. तिथपर्यंत कुठला आवाज येतोय?"

त्याने ते वाचलं. मग उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी लहान असताना शाळेत खोटं पकडलं गेलं की ठेवायचा, तसा.

"येतो गं," तो म्हणाला. "तिथे सगळं ऐकू येतं."